घोडीनं पडाव चढावा म्हणून

मला घोड्याची भीती वाटायची. टांगेवाल्याची लेक आणि घोड्याला भिते, असं म्हणून सगळे हसायचे. हसा बापडे. घोड्याचा पाय आपल्या बापाच्या मांडीवर पडताना ज्यानं बघितला नाही, त्याला हसायला काय जातंय?

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. माणसांची नाही आणि घोडीचंही नाही. पण गोष्ट आमच्या घरातली, बोरिवलीची, छप्पन साल असेल तेव्हाची. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून आलेले. स्टेशनबाहेर त्यांचा टांगा उभा असायचा. मग बस सुरू झाली. लोक आधी लाजत लाजत आणि मग खुशाल आमच्यासमोरून बसमध्ये चढायला लागले. आबा दिवसभर टांग्यावर बसून बिड्या ओढायचे आणि घोडी उभ्या उभ्या पेंगायची. तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात आलं, की खाडीपलीकडे गोराईला अजून बसही नाही आणि काही नाही. धक्क्यापासून गावापर्यंत लोक डोक्यावर बोजे घेऊन चालतात. टांगा तिकडे न्यायचा. दादा असा उतावळा, की त्यानं तिकडे एक गोठा बघितला आणि टांग्याची चाकं काढून, सांगाडा सुटा करून तो पडावातून पलीकडे पोचवलासुद्धा. पडाव म्हणजे गवत, विटा असलं सामान वाहणारी रुंद बुडाची मोठी होडी. टांगा बिनबोभाट गेला. घोडं मात्र इथेच अडलं, आणि ते बोलण्यातलं घोडं नव्हतं, चांगलं चार पायांचं होतं.

ती घोडी आबांनी भायखळ्याकडच्या कुठल्याशा तबेल्यातून आणली होती. तिकडच्या माणसांनी तिला मागून काठ्या घालून लॉरीत कोंबली होती, असं आबा सांगायचे. तेव्हापासून पायाखाली फळी आली आणि ती पोकळ वाजली, की ही थरथर कापायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर गटारावर टाकलेल्या फळीवरूनसुद्धा जायची नाही, लांबून वळसा घालायची. हे सगळं माहीत असून दादानं तिला पडावात चढवायला चार माणसं लावली. मागून दोर टाका, ओढा, ढकला, आरडाओरडा करा. मी आणि आई धक्क्यावर उभ्या होतो. आबा तिच्या तोंडाशी होते आणि तिला काहीतरी समजावत होते. तिनं फळीवर दोन पाय टाकले, आणि मागचा दोर ताणला गेल्याबरोबर ती एकदम मागे बसली. फळी, घोडी, आबा, सगळं खालच्या चिखलात. ती धडपडून उठली तेव्हा तिचा पाय आबांच्या मांडीवर पडला. त्यानंतर कित्येक दिवस कुणी सुकी काटकी जरी मोडली, तरी मी कानांवर हात ठेवायची.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून आबांना खाटेवर टाकलं आणि पावसाळ्याआधी उठायचं नाव काढू नका म्हणून बजावलं. दादा तर पेटलाच होता. म्हणाला, विका तिला. चारच दिवसांत एक दलाल घेऊन आला. दलालानं तिचे ओठ फाकवून दात बघितले आणि मानेवर एक थाप मारली. तिच्या अंगावरून सरसर काटा गेला, तो मला ओटीवरून दिसला.

"गोदीत मालाच्या गाड्यांना घोडी लागतातच," तो म्हणाला. "घेऊन जातो."

"पण ही लॉरीत चढत नाही," मी म्हटलं.

"आमच्याकडे सगळी चढतात," तो म्हणाला, आणि हसला.

आबांनी खाटेवर डोळे मिटून घेतले. गोदीतल्या गाड्यांची घोडी त्यांनी बघितली होती. दगडी रस्त्यावर ओझ्याखाली पाय घसरून पडलेली आणि पडल्या जागी मार खाणारी. आईनं पदर तोंडाला लावला. दादा म्हणाला, "पाऊस लागला की पडाव बंद. चार महिने तिला बसवून कोण खायला घालणार? त्याच्या आत चढली तर ठीक, नाहीतर हा नेईल. आबा पडून, मी तिकडे, मग चढवणार कोण तिला?"

"मी चढवते," मी म्हणाले.

कुठून बोलले देव जाणे. रागानं बोलले. दादा खो खो हसला. "तू? चंदी टाकताना डोळे मिटतेस तू! ऐका हिचं!" हरभऱ्याची चंदी टाकताना मी डोळे मिटायचे हे अगदी खरं. पण शब्द सुटला होता, आणि आमच्या घरात बोललेलं गिळायची पद्धत नाही.

आबा खाटेवरून शिकवायचे आणि मी अंगणात करायची. पहिल्या दिवशी त्यांनी मोरीचं जुनं काढून ठेवलेलं दार अंगणात आडवं टाकायला लावलं. तेवढंच. घोडीला त्याच्या आसपास फिरव, चंदी तिथेच दे, दाराकडे बघूसुद्धा नकोस. मी दावं हातात घेऊन निघाले. ती माझ्यापेक्षा हातभर उंच, तिचा श्वास माझ्या मानेवर. ती नुसती फुरफुरली की मी किंचाळायची, मी किंचाळले की ती उडायची, आणि ती उडाली की मी दावं टाकून ओटीवर! शेजारपाजारचे लोक बघायला जमायला लागले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"आबा, मला जमणार नाही. मी भिते तिला."

"मग भी की," आबा म्हणाले. "तीबी तुला भितीय. दोघी भ्या. फकस्त घाई करू नगा."

हे मला पटलं. भिऊ नकोस म्हणणारे शंभर भेटले होते, भी म्हणणारा हा पहिलाच. मग मी भीतभीतच करायला लागले. मी मोठमोठ्यानं बोलायची, म्हणजे माझा आवाज मला ऐकू येऊन धीर यायचा. काय बोलणार? भाजीला काय आणलंय, आई कशावरून चिडलीय, नळाला पाणी किती वाजता आलं. घोडी कान वळवून ऐकायची. असं लक्ष देऊन माझं तोवर घरात कुणी ऐकलं नव्हतं.

आबांचा एकच मोठा नियम होता, आणि तो मला उलटा वाटायचा. "तिला चढायला शिकवू नगंस. म्हागं यायला शिकव." तिनं एक खूर दारावर टाकला, दार ढब वाजलं, तर ती भिऊन मागे जायच्या आधीच आपण म्हणायचं, 'मागं'. तिला मागे घ्यायची, मान खाजवायची, घटकाभर उभी राहू द्यायची. मग म्हणायचं, 'चल'. पुन्हा एक खूर. पुन्हा 'मागं'. "तिला कळू दे, की हितनं परत फिरता येतंय," आबा म्हणायचे. "जिला परत फिरता येतंय ती कशाला उधळंल?" आणि दावं ओढायचं नाही. कध्धीच नाही. दावं ताणलं की तिला मागचा दोर आठवणार.

एक खुराचे दोन झाले. मग पुढचे दोन्ही आणि मागचा एक. मग एका सकाळी, मी आमटी करपल्याची हकिगत सांगत असताना, ती चारी पायांनी दारावर येऊन उभी राहिली आणि माझ्या खांद्याला तोंड घासायला लागली. आमटी राहिली तिथेच. घाबरलेच, खरं तर. पण 'मागं' म्हणायचं विसरले नाही. मग दाराखाली विटा आल्या. विटांच्या जागी पेंढा भरलेली पोती आली, म्हणजे पाय टाकला की दार डुलायचं. पडावासारख्या दोन्ही बाजूंना भिंती हव्यात म्हणून आबांनी स्वतःची खाट रिकामी करून उभी करायला लावली आणि आपण कामट्या बांधलेल्या पायासकट जमिनीवर झोपले. आई म्हणाली, "बापाचा पाय मोडून भागलं न्हाई, आता खाटबी घोडीला!" पण दुसऱ्या बाजूला लावायला जुनं लुगडं तिनंच आणून दिलं.

मी 'मागं' म्हणायची, ती मागे यायची आणि तिथेच थांबायची. कान पुढे करून, माझ्या तोंडाकडे बघत. मी 'चल' कधी म्हणते याची वाट बघत. सुरुवातीला ती 'मागं'ची वाट बघायची, आता 'चल'ची बघायला लागली होती. शेजारी म्हणाले, "काय चढते हो तुमची घोडी!" ते ऐकून आईच्या चेहऱ्यावर काळजी आली. तिच्या मते कौतुक आणि नजर या सख्ख्या बहिणी.

दादानं पडाव ठरवल्याचा निरोप आला. भरती सकाळची होती. आबांजवळ शेजारच्या काकी बसल्या, आणि मी नि आई घोडीला घेऊन पायी निघालो. शिंपोलीपर्यंत ठीक होतं. पुढे मिठागरं लागली, खाडीचा वास यायला लागला आणि घोडीच्या चालीत फरक पडला. तिला ती जागा आठवत होती. मलाही. समजा चढली नाही, तर दलाल. समजा अर्धी चढून पडली, तर या वेळेला तिच्या तोंडाशी आबा नाहीत, मी आहे. आईच्या हातात एक खापर होतं, त्यावर मडक्याचं झाकण. मला वाटलं, दादासाठी काहीतरी खायला नेत असेल.

धक्क्याला पडाव लागलेला होता, दादा त्यातूनच आला होता. बुडात वाळू आणि वर पेंढा टाकलेला. फळ्या रुंद होत्या, दोन्ही बाजूंना शिडं बांधून आडोसा केलेला. दादानं एवढं तरी ऐकलं होतं. पडाववाला कोळी, म्हातारा, तोंडात तंबाखू. त्यानं घोडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाय, घाई कर. पानी थांबत नाय."

घाई करू नका, असं आबा म्हणाले होते. मी घाई केली नाही. एक खूर. 'मागं'. 'चल'. दोन खूर. 'मागं'. धक्क्यावर माणसं जमली होती, पण त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. 'चल'. ती फळ्यांवर आली. तीन पाय फळ्यांवर, पुढचा एक पडावात.

आणि तेवढ्यात आईनं खापरावरचं झाकण काढलं.

आत घरून आणलेले निखारे होते. तिनं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरल्या, पुढे होऊन घोडीवरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, कुण्याकाळची, जी काय दृष्ट असेल ती पुटपुटली आणि मूठ निखाऱ्यांत टाकली. घरी गोठ्यात ती दर शनिवारी हेच करायची आणि घोडी ढिम्म उभी राहायची. पण घरी वारा नसतो. खाडीवरचा वारा आला आणि सगळा धूर भसकन घोडीच्या तोंडावर. मला ठसका लागला, कोळ्याला लागला, डोळ्यांतून पाणी. मिरच्या ठसकल्या नाहीत तर दृष्ट होती असं म्हणतात ना? मग त्या दिवशी तिला कुणाची म्हणजे कुणाचीच दृष्ट नव्हती!

घोडीनं डोकं वर फेकलं. डोळ्यांचं पांढरं दिसलं. दादा ओरडला, "धर! सोडू नकोस, वाट लागेल!" दावं माझ्या हातात सरकायला लागलं. ओढलं असतं तर ती मागे बसली असती. मला ते दिसत होतं, चिखलसुद्धा दिसत होता. मी दोन्ही हात उघडले. दावं सोडून दिलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "मागं!"

ती मागे गेली. उधळली नाही, उलट्या पावलांनी एकेक खूर टाकत फळ्या उतरली, आणि खाली पोचल्यावर मात्र वळून जी सुटली ती मिठागराच्या बांधापर्यंत. आई खापर टाकून मटकन खाली बसली. "मी मेलीनं घात केला," म्हणून रडायला लागली. दादा दोर शोधायला लागला. कोळी पाण्याकडे बघत होता.

मी बांधाकडे गेले. चालले म्हणजे काय, पाय ओढत गेले. ती फुरफुरत उभी होती, अंग घामानं भिजलेलं, मागचे पाय अस्वस्थ. त्या पायांना मी सगळ्यात जास्त भीत होते. मी अलीकडेच थांबले आणि म्हटलं, "बघ, किती घाबरलो आपण! आईला तर अशी बोलणार आहे ना मी, बघच तू." बराच वेळ असलंच काहीबाही बोलत राहिले. बोलता बोलता मला रडू आलं. मग तीच दोन पावलं पुढे आली.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एका खुरापासून. दादा "वेळ नाही गं, वेळ नाही" करत होता, त्याला कोळीच म्हणाला, "गप रे." 'मागं'. 'चल'. 'मागं'. 'चल'. शेवटी तिचा चौथा पाय पेंढ्यावर पडला, आणि तिच्यामागे फळ्या वर घेतल्या गेल्या.

खाडी ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण मला पोहता येत नाही, आणि प्रवाहात पडाव आडवा झाला की तिचं सगळं वजन एका अंगाला जायचं. कोळ्यानं सांगून ठेवलं होतं, ही बिथरली तर आपण सगळे पाण्यात. मी तिच्या तोंडाशी उभी राहून चपातीपासून पुरणपोळीपर्यंत येत होतं ते सगळं रांधून घेतलं, तोंडानं. तिनं आपलं कपाळ माझ्या छातीला टेकवलं आणि तशीच राहिली. पलीकडे पोचलो तेव्हा माझी चोळी तिच्या घामानं भिजली होती, की माझ्या, कुणास ठाऊक.

उतरायला तिला काहीच वाटलं नाही. उतरणं तर ती किती दिवस शिकत होती. दादानं टांगा जोडून तिला गावापर्यंत एक फेरी मारून आणली. गावातली माणसं खूष. दादासुद्धा विरघळला. "झकास काम केलंस," म्हणाला. असलं काही त्यानं मला जन्मात म्हटलं नव्हतं. दलालाचं नाव आता निघणार नव्हतं. मला हलकं हलकं वाटत होतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

ओहोटीच्या आत आम्हाला परत निघायचं होतं, घरी आबा होते. घोडी टांग्यातून सोडलेली, धक्क्यावर चंदी खात होती. तिचं लक्ष नाही असं बघून मी आणि आई पडावात जाऊन बसलो. आईचं कोळ्याशी काहीतरी बोलणं चाललं होतं.

ढब. ढब. ढब.

मी वळून बघितलं. घोडी फळ्यांवर होती. कुणी आणली नव्हती, कुणी 'चल' म्हटलं नव्हतं. दावं खाली लोंबत होतं. चारी पाय टाकत ती आत आली, सकाळी उभी होती त्याच जागी उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून थांबली. धक्क्यावर हशा पिकला, टाळ्या पडल्या. "अरे, ही तर आता उतरायची नाही!" कुणीतरी ओरडलं.

सकाळी घाबरले नव्हते इतकी मी तेव्हा घाबरले. दादा फळ्यांवरून यायला लागला, त्याला मी हातानंच थांबवलं. त्यानं तिला ओढली असती. तिला उतरवायची तर मीच उतरवायला हवी होती, आणि मला एकच रीत येत होती.

"मागं," मी म्हटलं.

ती लगेच निघाली. एक पाय, दुसरा पाय, नीट, शहाण्यासारखी. माझ्याकडे बघत बघत फळ्या उतरली आणि खाली जाऊन उभी राहिली. कान पुढे. आजवर मी तिला जेव्हा जेव्हा 'मागं' म्हटलं होतं, तेव्हा थोड्या वेळानं 'चल' म्हटलंच होतं. एकदाही चुकवलं नव्हतं. तिला तरी वेगळं काय वाटणार?

कोळ्यानं फळ्या ओढून घेतल्या. पडाव सुटला. ती हलली नाही, ओरडली नाही, उधळली नाही. दादानं दावं धरलं होतं तरी तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. धक्का दिसेनासा होईपर्यंत ती कान पुढे करून उभीच होती. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. धूर सांगितला, दावं सोडलं ते सांगितलं. ते खूष झाले, मांडीवर थाप मारणार होते, पण वेळेवर आठवलं. मग मी परतीचं सांगितलं. ते उठून बसायला बघायला लागले.

"आनि मग 'चल' म्हनालीस न्हवं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"उद्या जा," आबा म्हणाले. "तिला 'चल' म्हन, धक्क्यावनं गोठ्यापत्तुर चालत ने आनि मग ये. न्हाईतर दर पडावाला ती तिथंच हुबी ऱ्हाईल, पोरी."

मी हो म्हणाले. पण गेले नाही. त्या आठवड्यात नाही आणि पाऊस लागेपर्यंतही नाही. भीती वाटली. ती लाथ मारेल याची नव्हे, ती भीती कधीच गेली होती. मी दिसले की ती पुन्हा पडावात चढेल, आणि पुन्हा 'मागं' म्हणायला माझं तोंड उघडणार नाही, याची.